धुगधुगी उरलेलं मांजराचं पिल्लू हाती आलं तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही सात-आठ जण नेरूळपासून ठाण्यापर्यंत आपापल्या घरी मांजराची पोरकी पिल्लं सांभाळतो. फेब्रुवारी-मार्चला विणी सुरू झाल्या की पावसाळा संपेपर्यंत फोन थांबत नाहीत, आणि बहुतेक फोन रात्री अकरानंतरचे. तीच उत्तरं अर्धवट झोपेत देऊन देऊन शेवटी लिहून काढायचं ठरवलं. पिल्लू आत्ता तुमच्या हातात असेल तर पहिली तीन उत्तरं वाचा आणि कामाला लागा, बाकीचं सावकाश. आम्ही कुणी डॉक्टर नाही. इथलं सगळं पिल्लाला डॉक्टरपर्यंत जिवंत नेण्यासाठी आणि तिथून घरी आणल्यावर सांभाळण्यासाठी आहे.

पिल्लू गार पडलंय, जेमतेम हालतंय. दूध देऊ ना?

नाही. आधी ऊब, मग साखर, मग दूध. हा क्रम पाठ करा.

पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाच्या अंगाचं तापमान 35 ते 37 अंश सेल्सिअस असतं. ते 35 च्या खाली गेलं की आतडी काम थांबवतात. अशा वेळी पाजलेलं दूध पचत नाही, पोटात तसंच पडून राहतं आणि पोट फुगतं. शिवाय गार पिल्लाला धड गिळता येत नाही, त्यामुळे दूध श्वासनलिकेत उतरतं. भुकेने पिल्लू जायला काही तास लागतात, गार अंगात दूध गेलं तर त्याहून लवकर जातं.

माझं पहिलं पिल्लू मी असंच घालवलं. दिवाळे गावच्या मासळी बाजाराबाहेर बर्फाच्या पाण्यात भिजलेलं मिळालं होतं. घरी आणून पुसलं आणि लगेच चमच्याने कोमट दूध घातलं. दोन घोट गेल्यासारखे वाटले, तिसरा नाकातून आला. पहाटे साडेचारला संपलं. दूध ताजं होतं, मायाही होती, फक्त क्रम चुकला.

घरात मऊ टोकाचा डिजिटल थर्मामीटर असेल तर टोकाला व्हॅसलीन लावून गुदद्वारात अगदी थोडंसं घालून तापमान बघा, आणि तो थर्मामीटर पुन्हा माणसांना वापरू नका. नसेल तर हात धुऊन करंगळी पिल्लाच्या तोंडात द्या. तोंड आतून गार लागलं किंवा पिल्लू करंगळी चोखत नसेल, तर दुधाची वेळ अजून आलेली नाही.

ऊब कशी द्यायची?

सगळ्यात हाताशी असलेली ऊब म्हणजे तुमचं अंग. पिल्लू ओलं असेल तर सुती पंचाने कोरडं करा आणि कुडत्याच्या किंवा शर्टाच्या आत छातीशी धरा. तोवर घरातलं दुसरं कुणीतरी खोकं तयार करेल. खोक्याच्या अर्ध्याच भागात गरम पाण्याची रबरी पिशवी ठेवायची, तीही टॉवेलच्या दोन घड्यांत गुंडाळून. उरलेला अर्धा भाग मोकळा ठेवायचा, म्हणजे उकडायला लागलं तर पिल्लाला सरकता येईल. ज्याला सरकताच येत नाही त्याला तुम्ही दर दहा मिनिटांनी कूस बदलून द्या.

रबरी पिशवी नसेल तर सर्दी झाल्यावर आजी ओव्याची पुरचुंडी शेकायची ती आठवा. जाड मोज्यात तांदूळ भरून गाठ मारा, तव्यावर परतून गरम करा, गालाला लावून बघा आणि कापडात गुंडाळून ठेवा.

घाई मात्र करू नका. तापमान एक ते तीन तासांत हळूहळू वर आणायचं असतं. गरम पाण्यात बुडवणं, केसांचा ड्रायर, अगदी जवळ लावलेला बल्ब यातलं काहीही नको. पिल्लाची कातडी कागदासारखी असते, भाजल्याचं लगेच कळतही नाही.

"पण नवी मुंबईत थंडी कुठे असते?" हा प्रश्न हमखास येतो. पहिल्या आठवड्यातल्या पिल्लाला कुडकुडताच येत नाही, अंगातली ऊब ते स्वतः तयार करू शकत नाही. आपल्याला 27 अंशांत पंखा लागतो. त्याला मात्र पहिला आठवडाभर भोवतालची हवा 30 ते 32 अंश लागते. त्यामुळे ऐन मे महिन्यातही लादीवर, पंख्याखाली ठेवलेलं पिल्लू गार पडतं. एसी असलेल्या खोलीचा तर विचारही नको.

साखर म्हणजे नक्की काय द्यायचं?

घरातली ग्लुकोज पावडर, साधी, बिनस्वादाची. सपाट चमचाभर पावडर, म्हणजे साधारण 5 ग्रॅम, 50 मिली कोमट पाण्यात विरघळवा. बोटाच्या टोकावर एक-दोन थेंब घेऊन हिरड्यांना चोळा. पाजायचं नाही, चोळायचं. ऊब देणं चालू असतानाच हे करा, आणि पाच-दहा मिनिटांनी परत. ग्लुकोज नसेल तर साखरेचं पाणी चालेल. मलूल पडलेल्या पिल्लाच्या रक्तातली साखर उतरलेली असते, आणि कधीकधी या दोन थेंबांनीच ते मान उचलतं. पण ही जान तात्पुरती असते, तेवढ्यावर निर्धास्त होऊ नका.

आई खरंच नाही हे कसं ओळखायचं?

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात. सात नसतील, पण जागा ती नक्की बदलते, आणि एका वेळी एकच पिल्लू तोंडात नेते. जिन्याखाली एकटं दिसलेलं पिल्लू म्हणजे कदाचित दुसऱ्या फेरीची वाट बघणारं पिल्लू. ते गरम असेल, पोट भरलेलं असेल, जागा कोरडी असेल तर लांब उभं राहून दोन तास वाट बघा. गार, भिजलेलं, जखमी किंवा मुंग्या लागलेलं असेल तर लगेच उचला. माणसाचा हात लागला की आई घेत नाही, हे खरं नाही. आम्ही उबवून, तरतरीत करून परत ठेवलेली पिल्लं आईने मुकाट उचलून नेली आहेत. शक्य असेल तर आईच बरी. तिच्यासारखं काम आपल्याच्याने होत नाही.

पिल्लू किती दिवसांचं आहे?

नाळ लटकत असेल तर साधारण पाच दिवसांच्या आतलं. डोळे 7 ते 14 दिवसांत उघडतात. कान आधी डोक्याला चिकटलेले असतात, ते दुसऱ्या आठवड्यात सुटून उभे राहू लागतात. पुढचे बारीक दात तिसऱ्या आठवड्यात दिसतात. डोळे बोटांनी उघडायचा प्रयत्न करू नका. बंद पापणीखाली फुगवटा दिसला किंवा पू येत असेल तर मात्र त्याच दिवशी डॉक्टर.

गाईचं दूध चालेल का? शेळीचं?

मांजरीच्या दुधात प्रथिनं गाईच्या दुधाच्या दुपटीहून जास्त असतात. म्हणजे गाईच्या दुधावर पिल्लाचं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. वर जुलाब सुरू होतात ते वेगळेच, आणि सत्तर ग्रॅमच्या जिवाला जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ. शेळीचं दूध थोडं सोसतं, पण तेही पुरेसं नाही. मांजराच्या पिल्लांसाठीची दूध पावडर येते. केएमआर, बीफार लॅक्टॉल, रॉयल कॅनिनचं बेबीकॅट मिल्क ही नावं पाळीव प्राण्यांच्या दुकानात विचारा. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच कालवा. "जरा घट्ट करते, ताकद येईल" असं करायचं नाही, त्याने पोट बिघडतं.

रात्री दुकान बंद असेल तर? अंग गरम झालेल्या, गिळू शकणाऱ्या पिल्लाला सकाळपर्यंत बिनस्वादाचं ओआरएस कोमट करून थेंब थेंब द्या. तेवढ्यावर एक रात्र निघते, दिवस नाही.

किती आणि कितीदा पाजायचं?

100 ग्रॅम वजनाला दिवसाला साधारण 20 मिली. एका वेळी 100 ग्रॅमला 4 मिलीच्या वर कधीच नाही, कारण पोटात तेवढीच जागा असते. आता हिशोब करा. अशक्त पिल्लू 70 ग्रॅमचं आहे. दिवसाचे 14 मिली. दर दोन तासांनी, म्हणजे बारा वेळा, प्रत्येक वेळी एक मिलीपेक्षा किंचित जास्त. ऐकायला हास्यास्पद वाटतं. बघणारी प्रत्येक मावशी म्हणते, "एवढंसंच? अगं अजून दे की!" देऊ नका. आम्ही घालवलेल्या पिल्लांमध्ये उपाशी गेलेली कमी, जास्त पाजल्याने गेलेली जास्त आहेत.

दुसऱ्या आठवड्यात तीन-चार तासांनी चालतं. रात्रीचा गजर चुकवायचा मोह होईल, पण वजन वाढायला लागेपर्यंत चुकवू नका.

बाटलीने की सिरिंजने?

चोखत असेल तर बाटली, अशक्त असेल तर एक मिलीची सिरिंज, अर्थात सुई काढून. पिल्लू पोटावर हवं, आईला लुचताना असतं तसं, मान किंचित वर. तान्ह्या बाळासारखं उताणं धरून कधीच नाही. दूध मनगटावर टाकून बघा, जेमतेम कोमट लागलं पाहिजे. सिरिंजचं टोक तोंडाच्या कडेने जिभेवर टेकवायचं, एक थेंब सोडायचा, गिळलं का बघायचं, मग दुसरा. एक मिलीला पाच मिनिटं लागली तरी लागू देत. नाकातून दूध आलं तर लगेच थांबा, डोकं थोडं खाली करून नाक पुसा, आणि त्यानंतर श्वासात घरघर येते का यावर लक्ष ठेवा. आली तर न्युमोनियाची भीती असते, डॉक्टर गाठा.

अजिबात चोखत नसलेल्या पिल्लाला डॉक्टर नळीने पोटात दूध देतात. डॉक्टरने समोर बसवून शिकवल्याशिवाय ते घरी करू नका, व्हिडिओ कितीही सोपा दिसला तरी.

पाजून झालं की खांद्याशी धरून पाठीवर दोन बोटांनी हलकं थोपटा. ढेकर आला नाही तर हट्ट नको.

शू-शी आपोआप होते ना?

नाही, आणि हे पुष्कळांना माहीतच नसतं. पहिले तीन आठवडे आई चाटून करवते. प्रत्येक पाजण्याच्या वेळी कोमट पाण्यात बुडवून पिळलेल्या कापसाने मागच्या बाजूला हलकेच पुसत राहा, मिनिटभरात शू येते. ती जवळपास पाण्यासारखी हवी, गडद पिवळी असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय. शी मोहरीच्या रंगाची, घट्ट पेस्टसारखी असते आणि ती रोज होईलच असं नाही. हिरवट, पांढुरकी किंवा पाण्यासारखी असेल तर त्या कापसाचा फोटो काढून ठेवा, डॉक्टर पहिला तोच मागतील.

वजन रोज करायलाच हवं का?

हो. स्वयंपाकघरातला ग्रॅमचा डिजिटल काटा आणि वर एक डबा, बास. जन्मतः पिल्लू साधारण 80 ते 110 ग्रॅम असतं आणि रोज 10-15 ग्रॅम वाढायला हवं. डोळ्यांना काही दिसत नाही, काट्याला दिसतं. एक दिवस वजन जागच्या जागी राहिलं तर सावध व्हा, कमी झालं तर डॉक्टर.

वही ठेवा. मोबाइलमध्ये नाही, कागदाची, खोक्याशेजारी, पेन बांधलेली. आमच्या घरी दुपारच्या फेऱ्या सासूबाई करतात. त्यांच्या नोंदी टपाल खात्यातल्या सवयीच्या: "2.10 वा. 1 मि. ली. शू झाली. शी नाही. आज ओरडला." डॉक्टरनी ती वही पाहून माझ्याऐवजी त्यांनाच प्रश्न विचारायला सुरुवात केली.

मुंग्या, पिसवा, अळ्या?

खोकं जमिनीवर ठेवू नका. स्टुलावर ठेवा आणि स्टुलाचे चारही पाय पाण्याच्या वाट्यांत. दुधाच्या जाळीच्या कपाटाला पूर्वी करायचे तसंच. दुधाचा वास असलेल्या पिल्लाला लाल मुंग्या तासाभरात शोधून काढतात.

पिसवा बारीक कंगव्याने काढून साबणाच्या पाण्यात टाका. पिसवांचं औषध, पावडर, स्प्रे नवजात पिल्लाला चालत नाही. कुत्र्यांच्या औषधांतलं परमेथ्रिन तर मोठ्या मांजरालाही विष आहे. हिरड्या पांढऱ्याफटक दिसत असतील तर पिसवांनी रक्त प्यायलंय, ती घाईची केस. पावसाळ्यात नाळेशी किंवा जखमेत अळ्या दिसल्या तर घरगुती उपाय नकोत.

जागा डेटॉल-फिनाइलने पुसली तर चालेल?

नको! आपल्याकडे स्वच्छता म्हणजे फिनाइलचा वास, पण फिनाइल, डेटॉल यांसारखी द्रव्यं मांजराच्या यकृताला पचत नाहीत, आणि पिल्लू तर ती कातडीतूनही शोषून घेतं. डांबरगोळ्या घातलेल्या कपाटातली गोधडीही नको. कपडे साध्या साबणाने धुऊन उन्हात वाळवा. आणि ताप वाटतोय म्हणून पॅरासिटामॉल? मांजराला ते जीवघेणं आहे.

घरात आधीच एक मांजर आहे.

मग वेगळी खोली, निदान दोन आठवडे. संडास-बाथरूमचा कोरडा कोपराही चालतो. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू कपड्यांवरून, हातांवरून जातो आणि घरात महिनोन्‌महिने टिकतो, म्हणून हात धुवा आणि वरचा कुडता बदला. ही काळजी दोघांसाठीही आहे. पिल्लाच्या अंगावरचं गजकर्ण माणसांनाही होतं. पिल्लाने ओरबाडलं किंवा चावलं तर साबणाने पंधरा मिनिटं धुऊन आपल्या डॉक्टरला विचारा.

मला नोकरी आहे. जमेल का?

एकट्याने नाही. नवजात पिल्लू दोन माणसांचं काम आहे. आमच्यातली एक जण खोकं घेऊन ट्रान्स-हार्बर लोकलने तुर्भ्याच्या ऑफिसला जायची आणि वरिष्ठांच्या केबिनशेजारच्या पँट्रीत पाजायची. असं ऑफिस सगळ्यांना मिळत नाही. शेजारी, निवृत्त काका, कॉलेजची मुलं अशी वाटणी आधी ठरवा, किंवा सरळ सांगा की जमणार नाही. दुसऱ्या रात्री थकून फोन करण्यापेक्षा पहिल्या तासात "नाही" म्हणणं पिल्लाच्या फायद्याचं असतं. दूध पाजणारी मांजर कुणाकडे असेल तर तेही विचारून पाहा. पोरकं पिल्लू तिच्या पिल्लांच्या वासात मुरवून ठेवलं की पुष्कळदा ती घेते.

डॉक्टरकडे कधी? आणि रात्री कुठे जायचं?

तोंड उघडून श्वास घेणं, सतत केकाटणं किंवा अजिबात आवाज नसणं, ऊब देऊन तीन तासांनीही मलूल राहणं, पोट ढोलासारखं टम्म होणं, जुलाब. यातलं एकही असेल तर सकाळची वाट बघू नका.

आणि आत्ता, सगळं ठीक असताना, जवळच्या दोन-तीन दवाखान्यांना फोन करून विचारून ठेवा: रात्री प्रत्यक्ष डॉक्टर असतात की नुसता मदतनीस? दहा दिवसांचं पिल्लू बघता का? एकदा रात्री दीडला मी एका "चोवीस तास" पाटीच्या दवाखान्यासमोर उभी होते, आणि शटरच्या आतून कुणीतरी "सकाळी दहाला या" म्हणालं. परळचं प्राण्यांचं बाई साकराबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय सगळ्यांना माहीत असतं, पण गार पिल्लू घेऊन तितका लांबचा प्रवास करण्याआधी अंग गरम करा आणि फोन करून निघा. प्रवासात पिशवी-टॉवेल सोबत, टॅक्सीचा एसी बंद.

सलाईन डॉक्टर कातडीखाली देतात, तीही कोमट करून. प्रतिजैविकं मनाने नकोत, माणसांची तर मुळीच नकोत.

सगळं नीट करूनही पिल्लू गेलं. माझं काय चुकलं?

बहुधा काही नाही. मांजराचं पिल्लू पहिल्या दिवसाच्या चिकातूनच आजारांशी लढायची ताकद घेतं. जन्मल्यापासून साधारण 16-18 तासांत तो मिळाला नाही तर ती संधी गेली, पुढे कितीही भारी डबा आणला तरी. काहींना जन्मतःच दोष असतात, बाहेरून दिसत नाहीत. कालपर्यंत ठणठणीत पिणारं पिल्लू संध्याकाळी बाजूला सरकतं, गार होतं आणि रात्रीत जातं. हे इतक्यांदा घडतं की त्याला डॉक्टरांच्या भाषेत वेगळं नाव आहे, फेडिंग किटन सिंड्रोम. बरोबरची भावंडं असतील तर त्यांचं तापमान आणि वजन त्याच तासाला तपासा. रडायचं ते नंतर रडा, आम्हीही रडतो.

सोसायटीवाले म्हणतात, बाहेर ठेवून या.

भुकेने-तहानेने हाल होतील अशा ठिकाणी प्राणी सोडून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 खाली गुन्हा आहे. भांडू नका, एवढं वाक्य शांतपणे सांगा. आठ आठवड्यांनंतर पिल्लू दत्तक जाणार आहे हेही सांगा. आमच्या अनुभवात दुसऱ्या वाक्याने जास्त काम होतं.

जंताचं औषध, लस?

जंताचं औषध साधारण दोन-तीन आठवड्यांपासून, मात्रा वजनावर, डॉक्टरकडूनच. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, रेबीजची बारा आठवड्यांना.

नाव कधी ठेवायचं?

नाळ पडली की सासूबाई पाचवी झाली म्हणतात, पण बारसं आम्ही डोळे उघडल्याशिवाय करत नाही. सध्या खोक्यात असलेला घणसोलीच्या नाल्याकाठी मिळाला, 72 ग्रॅमचा. वहीच्या पानावर नावाच्या जागी "डाव्या कानावर ठिपका" एवढंच लिहिलंय. आज सकाळी 131 ग्रॅम भरला, आणि डावा डोळा कोपऱ्यातून तांदळाच्या कणीएवढा उघडलाय.